दोन अंशांवरची उशी

एसीच्या नळीतून बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. टप्, मग बराच वेळ काहीच नाही, आणि आता थांबलं वाटतं म्हणून कान दुसरीकडे वळवावा तोच पुन्हा टप्. दुबईत अल बर्शातल्या आमच्या चौथ्या मजल्यावर त्या वेळी ऊन पांढऱ्या भुकटीसारखं काचेला चिकटलेलं असतं, खाली रस्ता निर्मनुष्य, पलीकडून मेट्रो सरकत जाते तीही काचेआडून मुकी. लेक आणि जावई कचेरीत गेलेले. घरात मी, ती बादली, आणि स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या खोलीत घुमणारा एक बुटका फ्रीज. त्या बादलीतल्या पाण्याला एक गार, लोखंडी, किंचित ढगासारखा वास असतो. ढगाचा वास मला ठाऊक आहे, कारण एकदा मी ढगात उभी राहिले होते. आणि तिथे जो दुसरा एक वास घ्यायला हवा होता, तो न घेता परत आले होते. त्या गोष्टीला पन्नास वर्षं झाली. या वयातही दुपारी माझी पाठ गादीला टेकत नाही, यामागे निम्मा संधिवात असेल. उरलेलं निम्मं कारण म्हणजे तो न घेतलेला वास.

ती बिनखिडकीची खोली बांधणाऱ्याने मोलकरणीसाठी म्हणून बांधली. आमच्याकडे राहणारी मोलकरीण नाही, म्हणून मी ती बळकावली आणि तिथे हिमालय थाटला. हिमालय म्हणजे भिंतीवर दोन पांढरे दिवे, रात्रंदिवस चालणारा एसी, एक टेबल आणि टेबलावर वीतभर रुंदीच्या मातीच्या उथळ कुंडीत अर्ध्या लिंबाएवढी एक हिरवी, लवदार, गच्च विणलेली उशी. उंच पहाडांवर, जिथे वृक्ष उगवायचं सोडून देतात त्याच्याही वर, ही बुटकी फुलझाडं राहतात. वाऱ्याला अंग द्यायचं नाही म्हणून जमिनीला बिलगलेली, बोटभर उंचीचीही हाव नसलेली, आणि तरी वर्षानुवर्षं जगणारी. वर्षातले सहा-आठ महिने ती बर्फाखाली निश्चल निजतात आणि मग उरलेल्या मूठभर दिवसांत सगळं अंग फुलांनी झाकून घेतात. त्यांच्या मागण्या थोड्या पण कडक असतात. पायाखाली माती नावापुरती आणि खडी भरपूर हवी, पाणी आलं की लगेच निघून जायला हवं, हिवाळ्यात खरी, लांब, कोरडी थंडी हवी. आणि मुख्य म्हणजे कुणी सारखं येऊन ‘बरी आहेस ना गं?’ असं विचारता कामा नये. पहिल्या तीन अटी मी वाळवंटात राहून पुऱ्या केल्या. चौथीनेच मला आयुष्यभर छळलं.

चोवीस वर्षांची असताना मी जी बया होते तिला आज रस्त्यात भेटले तर ओळख दाखवणार नाही. आमचे हे तेव्हा हिमाचलात लाहौलच्या रस्त्याच्या कामावर होते. लग्नाला दोन महिने झालेले. मिरजेहून निघालेली ही बया नायलॉनच्या गुलाबी साडीवर नवऱ्याचा ओव्हरकोट, त्यावर दोन मफलर, पायात मोजे आणि मोज्यांवर अंगठ्याच्या चपला अशा थाटात खिंडीच्या माथ्यावर ट्रकमधून उतरली. इंजिन तापलं होतं, ड्रायव्हर बर्फ आणून त्यावर थापत होता. ढग इतके खाली आले होते की बोलताना तोंडात जात होते. हे काही पावलं पुढे गेले आणि एका खडकाशी गुडघे टेकून बसले. खडकाच्या खोबणीत एक हिरवी उशी होती आणि तिच्यावर, तांदळाच्या कण्या उधळाव्यात तशी, फिक्या गुलाबी रंगाची चिमुकली फुलं. प्रत्येकाच्या मध्यावर पिवळा डोळा.

“इकडे ये. जरा वाकून वास घे,” हे म्हणाले.

“एवढ्याशा फुलासाठी मी नाही वाकायची,” बया म्हणाली. “त्याला म्हणावं, आधी उंच हो.”

वाक्य फार चतुर झालं असं तिला वाटलं असणार, कारण ट्रकवाल्याकडे बघून ती हसली.  ह्यांनी स्वतः नाक फुलांपर्यंत नेलं, डोळे मिटले, आणि मला वाटलं होतं त्याहून बराच अधिक वेळ ते तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, ज्यात मी नव्हते. नव्या नवरीला याहून मोठा अपमान सुचू शकत नाही. ट्रकमध्ये बसल्यावर मी विचारलं, “कसला वास होता?” ते म्हणाले, “वाकायला हवं होतंस.”

सप्टेंबरात परतताना बयेने सूड घेतला. त्याच खिंडीत ट्रक थांबवायला लावून, हे चहा पीत असताना, तिने ती उशी मुळासकट उपटली आणि दुधाच्या पावडरीच्या डब्यात कोंबून मिरजेला आणली. फुलं केव्हाच संपली होती, पण पुढच्या वर्षी येतील की! मग तिने त्या जिवावर जे प्रेम केलं त्याला तोड नाही. काळी माती, वर शेणखताचा थर, सकाळ-संध्याकाळ पाणी, गुरुवारी ताकाचं पाणी. आणि एवढ्या थंडीतून आलेलं पोर म्हणून रात्री चुलीच्या उबेला. शेवटी तिने उरलेल्या लोकरीची एक गोल झालरसुद्धा विणली आणि डब्याभोवती बांधली. अकराव्या दिवशी उशीला बोट लावलं तर बोट आत गेलं. ह्यांनी डब्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, “फार प्रेम केलंस.” बस्स. पुढची बेचाळीस वर्षं संसारात जेव्हा जेव्हा मी भांडण जिंकायला आले तेव्हा तेव्हा मी मध्येच विचारी, “तो वास कसला होता हो?” आणि ते म्हणत, “जाऊन बघ.” शेवटच्या आजारातही विचारलं. ते हसले. आठ वर्षं झाली. उत्तर ते बरोबर घेऊन गेले, आणि पहाड चढायचे माझे गुडघे त्याच्याही आधी गेले होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला माझी नात इरा हिने एक पाकीट हातावर ठेवलं. इरा इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. “आजी, यू आर ऑलवेज टॉकिंग अबाउट दॅट फ्लॉवर,” ती म्हणाली. पाकिटात मोहरीहूनही बारीक अशा वीस-बावीस बिया होत्या, त्याच जातीच्या, कुठल्याशा थंड देशातल्या रोपवाटिकेतून मागवलेल्या. अक्षता घ्याव्यात तशा मी त्या घेतल्या. मग इराने वाचून दाखवलं, मी वहीत उतरवून घेतलं. बियांना आधी ओल्या वाळूत हिवाळा भोगावा लागतो, त्याशिवाय त्यांना उगवायचा धीर होत नाही. मी त्यांना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून घरच्या फ्रीजमध्ये हिवाळ्याला पाठवलं. दसऱ्याला जावयांनी मोठ्या आशेने तो डबा उघडला, ते प्रकरण इथे वाढवत नाही. खडीसाठी एका सुटीच्या दिवशी सगळ्यांना खोर फक्कानला पिटाळलं. तिथले डोंगर काळे, उघडे, भाजलेले, पण त्यांच्या पायथ्याची बारीक खडी अशी खणखणीत की मुठीत घेतली तर नाणी वाजावीत. लोणच्याच्या दोन बरण्या भरून आणली आणि पुरणाच्या चाळणीतून चाळली. माझ्या लेकीने, वैदेहीने, त्या चाळणीकडे जसं पाहिलं तसं तिने स्वतःच्या लग्नात सासरच्या घराकडेही पाहिलं नव्हतं. पाणी मात्र आपोआप मिळालं. एसीतून ठिबकणारं ते ढगासारखं पाणी, क्षार नसलेलं, गार. चार रोपं उगवली. एक मी चहाची भुकटी घालून मारलं, दुसरं पाणी घालून, तिसरं नुसतं सारखं हलवून. चौथं माझ्या तावडीतून निसटून उशी झालं.

उशी झाली, पण फुलेना. पुस्तकातलं कारण सोपं होतं, तिला हिवाळा झाला नव्हता. दोन वर्षं मी तिला घरच्या फ्रीजच्या तळाच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या शेजारी निजवलं आणि दोन्ही वर्षं दिवसातून सहा वेळा उघडून ती निजली आहे ना ते पाहिलं. पाळण्यातल्या पोराला झोप लागली की नाही हे बघण्यासाठी त्याला हलवून उठवणारी जी आई असते, ती मीच. हे वैदेहीला विचारा. ती पुण्यात वसतिगृहात शिकायला होती तेव्हा मी दर पंधरा दिवसांनी मिरजेहून एसटीने जाऊन तिच्या खोलीत उभी राहत असे, डबे, स्वेटर, च्यवनप्राश यांच्यासह. एकदा ती परीक्षेला गेलेली असताना तिच्या मैत्रिणीकडून किल्ली घेऊन मी तिचं कपाट लावून ठेवलं, आणि लावता लावता तिची वही वाचली. त्यानंतर दोन महिने तिने मला पत्र लिहिलं नाही. नोकरी तिने समुद्रापलीकडची धरली. लग्नात कुणी विचारलं, दुबईच का, तर हसत म्हणाली, “तिथे एसटी जात नाही.” सगळे हसले. मीही हसले, सर्वांत मोठ्याने.

गेल्या सप्टेंबरात इरा शिकायला थंड गावी निघून गेली. जाताना माझ्या हिमालयात आली, उशीवर बोट न लावता नुसता हात धरला आणि म्हणाली, “आजी, डोन्ट टच इट, ओके? जस्ट लीव्ह इट अलोन.” पलीकडच्या खोलीत वैदेही तिच्या बॅगेत चौथ्यांदा थालीपीठाची भाजणी कोंबत होती.

त्यानंतर घराची झोप गेली. वैदेहीच्या फोनवर सकाळी पहिल्यांदा त्या गावाचं तापमान उघडू लागलं, मग आमचं. ‘उठलीस का’, ‘जेवलीस का’, ‘टोपी घातलीस का’ असे निरोप घासागणिक जात राहिले. इराची उत्तरं आधी लांब आली, मग लहान, मग नुसता अंगठा, आणि एके दिवशी, “मम्मा, प्लीज. आय विल कॉल ऑन संडे.” त्या दिवशी वैदेही न जेवता झोपली आणि दुसऱ्या दिवशी डिसेंबरचं तिकीट काढून आली. इराला सांगायचं नाही. अचानक दारात जाऊन उभं राहायचं. माझ्याकडे बघत ती म्हणाली, “बरोबर आहे ना, आई?” त्या क्षणी मला मिरज-पुणे एसटीचा पत्रा खडखडताना ऐकू आला. पण मी काय बोलणार? मी म्हणाले, “बघ बाई.”

नोव्हेंबरात जावयांनी शारजाच्या औद्योगिक भागातून एक जुना बुटका फ्रीज आणला आणि बरोबर महादेवला. महादेव राजापूरकडचा, पन्नाशीतला, वीस वर्षं तिथल्या गाळ्यात फ्रीज दुरुस्त करणारा. बायको-मुलं गावी.

“आजी, ह्याच्यात भाजी नाय, दूध नाय. मग थंड कोणाला करायचा?”

“झाडाला.”

त्याने माझ्याकडे, मग उशीकडे, मग छताकडे पाहिलं. “गावात आमी झाडाला ऊन मिळावं म्हणून शेजाऱ्याशी भांडतो. नि तुमी इथं...” पण काम त्याने मन लावून केलं. आतली यंत्रणा दोन अंशांवर बांधली, दारावर आकडा दाखवणारी पट्टी चिकटवली. तो हत्यारं आवरत होता तेवढ्या वेळात मी दार तीनदा उघडलं. तिसऱ्या वेळी त्याने पाना खाली ठेवला.

“आजी, ह्या झाडाला दुसरा दुश्मन नाय. तुमीच.”

“मी फक्त बघत होते.”

“तेच म्हणतो. दार उघडलंत की माझी गॅरंटी खलास.” त्याने पेटीतून कडी काढली, दाराला ठोकली, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. “फेब्रुवारीत मीच येऊन उघडतो, इन्शाल्ला.” दारात चपला घालताना मात्र त्याचा आवाज मवाळ झाला. “माझी बायको म्हणते, रोज फोन करा. मी रविवारीच करतो. रोज केला तर रोज रडतील. रविवारचा केला की आठवडाभराचं हसून सांगतात.”

भला माणूस. कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात आणि त्यातली दुसरी मी कुलूप हाताळण्याच्या निमित्ताने केव्हाच कमरेला खोचली आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ती किल्ली मी देव्हाऱ्यात वातींच्या डबीत ठेवली. देवाच्या साक्षीने तरी मोह आवरेल अशी कल्पना. मग सुरू झाल्या त्या दुपारी. आयुष्यात मी नवऱ्याचं आजारपण काढलं, दोन घरं बदलली, पण काहीही न करण्याइतकं कठीण काम माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. हात शिवशिवत. मी डाळ निवडायची, निवडलेली पुन्हा निवडायची. उठून देव्हाऱ्यापर्यंत जायची, वात वळायची, डबी हातात घेऊन हलवायची, आत किल्ली वाजली की परत ठेवायची. देवासमोर इतक्या वाती जमल्या की दिवाळी पुन्हा करता आली असती. त्या बुटक्या पेटीत, पूर्ण काळोखात, माझा एकुलता एक प्रश्न निजला होता. आणि तो निजून उठला तर मला एक वास मिळणार होता, नाहीतर ह्यांना भेटेन तेव्हा पुन्हा विचारावं लागणार होतं. दिवसातून चारदा मी दारावरचा आकडा बघे. दोन. वैदेही संध्याकाळी कचेरीतून आली की पर्स न ठेवता फोन बघे आणि स्वतःशीच म्हणे, “तिकडे आज दोन.” आम्ही दोघी आपापल्या दोनांकडे बघत चहा प्यायचो.

डिसेंबरच्या सुरुवातीच्या सुटीत एका सकाळी मी खाली बागेत फेऱ्या मारून आले आणि सवयीने खोलीत डोकावले. आकडा अकरा होता. कुलूप कडीत होतं, पण उलटं लटकलेलं; मी कुलूप नेहमी सुलटं बघते. स्वयंपाकघरात वैदेही ओट्याला टेकून उभी होती, हातात पाणी तापवायचं छोटं पातेलं.

“आई, मी काही केलं नाही,” ती म्हणाली. पंचेचाळीस वर्षांची बाई, हाताखाली वीस माणसं, आणि आवाज आठ वर्षांचा. “निरांजन लावायला गेले तर वातींच्या डबीत किल्ली दिसली. दोन आकडा बघितला आणि मला राहवेना. इतकं गारठलं होतं गं ते. बाहेर काढून थोडा वेळ उन्हात ठेवलं. आणि फक्त थोडंसं पाणी घातलं. कोमट.”

कोमट पाणी! घसा धरला तर कोमट पाणी, पोट बिघडलं तर कोमट पाणी, मूल रडलं, परीक्षा आली, पाहुणा थकून आला तर कोमट पाणी. आमच्या घराण्यातल्या बायकांनी जगातल्या प्रत्येक दुःखावर ते ओतलं आहे. निजलेल्या उशीच्या गाभ्यात ते शिरलं, आणि मग दार लावून तिला पुन्हा थंडीत कोंडलं. आता ते पाणी निघायला वाट नाही आणि सुकायला वारा नाही.  मी तिच्याकडून किल्ली घेतली आणि आठ दिवस दार उघडलं नाही, कारण आता उघडून जे कळणार होतं ते मला कळायला नको होतं.

आठव्या दिवशी उघडलं. वास आला, पण तो नव्हे. हा मिरजेचा, दुधाच्या डब्याचा वास. उशीची एक बाजू तपकिरी होऊन खचली होती. बोट लावलं, बोट आत गेलं. वैदेही माझ्यामागे उभी होती. “आई, ओरड ना,” ती म्हणाली. “काहीतरी बोल.”

बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण तिच्या हातात तेव्हाही फोन होता, त्यावर तिकिटाचा कागद उघडा, आणि तिच्या चेहऱ्यावर नायलॉनच्या साडीवर ओव्हरकोट घातलेली ती बया अशी काही लख्ख उभी होती की मला हसू फुटलं. भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. मग तिला सगळं सांगितलं. खिंड तिला माहीत होती, उपटलेली उशीही. लोकरीची झालर मात्र मी या जन्मात कुणाला सांगितली नव्हती. “झालर?” वैदेही म्हणाली. “झाडाला?” “गोल. खाली दोन टाके उलटे घेऊन,” मी म्हणाले. तीही हसली, मग एकदम थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझं कपाटसुद्धा तू फार सुंदर लावलं होतंस.”

पंचवीस वर्षं त्या कपाटाबद्दल आम्ही बोललो नव्हतो. त्या खोलीत उभ्या उभ्या मला माझे हात फार मोठे वाटू लागले. “वही मी वाचायला नको होती,” मी म्हणाले. एवढंच. एसी घुमत होता. तिने ड्रॉवरमधून नखं कापायची कात्री आणली. खचलेला भाग मी देठापर्यंत कापून काढला, जखमेवर हळद दाबली, आणि कुंडी चार दिवस पंख्यासमोर ठेवून खडखडीत वाळवली. अर्धी उशी उरली, हळदीने माखलेली, एखाद्या उष्ट्या हळदीच्या नवरीसारखी. तिला परत आत ठेवून कुलूप लावलं तेव्हा वैदेहीने किल्ली मागितली. दुसऱ्या दिवशी सुटी नसतानाही ती कचेरीची मेट्रो सोडून टॅक्सीने शारजाला गेली आणि ती महादेवच्या हातात देऊन आली. तो म्हणाला म्हणे, “घरात चोर होता तर!” तिकिटाचं तिने काय केलं ते मी विचारलं नाही. डिसेंबर सरला, ती इथेच होती, संध्याकाळी फोन पालथा घालून ठेवत होती आणि त्याच्याकडे बघत होती. जानेवारीच्या एका रविवारी इराचा आपणहून फोन आला आणि एक तास चालला. मी पलीकडून ऐकत होते. वैदेहीने एकदाही टोपी विचारली नाही. फोन ठेवल्यावर तिने माझ्या हाताचा तळवा घट्ट दाबला, मॅरेथॉन पळून आल्यासारखा तिचा हात घामेजला होता.

फेब्रुवारीत महादेव आला. दार उघडताना त्याने उगाचच घसा खाकरला. उशी जशी ठेवली होती तशीच होती. करडी, गप्प, अर्धी. दिव्याखाली ठेवून मी तिला एसीच्या बादलीतलं चमचाभर पाणी घातलं, काठाने, गाभ्याला न लावता, आणि खोलीचं दार ओढून घेतलं. वीस दिवसांनी हिरव्या लवेत चार टाचण्यांची टोकं दिसली. आणखी सहा दिवसांनी त्यातलं एक उघडलं. फिकं गुलाबी, माझ्या करंगळीच्या नखाहून लहान, मध्ये पिवळा डोळा.

कुंडी टेबलावर होती. उभ्यानेही नाक पोचलं असतं. पण मी वैदेहीला ती खाली जमिनीवर ठेवायला सांगितली. मग एक हात तिच्या खांद्यावर, एक खुर्चीवर टेकून, दोन्ही गुडघ्यांच्या शिव्या खात, चौऱ्याहत्तर वर्षांचं हे धूड मी फरशीवर टेकवलं. इरा फोनवर होती, तिचा चेहरा वैदेहीच्या तळहातावर. मी वाकले आणि डोळे मिटले.

आधी गार खडी आली, मग हळद, मग ते ढगाचं पाणी. आणि त्यांच्या मागून, दाराआडून कुणी हळूच डोकावावं तसं, ते आलं. एकच श्वास. त्याला नाव देण्यासाठी मी घाईने दुसरा श्वास घेतला आणि त्यात काही नव्हतं. तिसरा घेतला, खडी होती. मग मी शोधायचं सोडून नुसतीच वाकून राहिले, आणि ते पुन्हा येऊन गेलं. खिंडीत हे इतका वेळ का वाकून होते, हे मला कळलं असं वाटलं. की त्या थंडीत त्यांचं नाकच चोंदलं होतं आणि मला चिडवण्यासाठी त्यांनी बेचाळीस वर्षं थाप रेटून नेली? त्यांच्याबाबतीत तेही शक्य होतं.

“आजी, टेल मी! व्हॉट डज इट स्मेल लाइक?”

मी तोंड उघडलं. मग फोनकडे बघून म्हणाले, “तुझ्या गावाजवळ डोंगर आहेत ना? बर्फ वितळला की जा. वाकून बघ.”

“दॅट्स सो अनफेअर!” इरा ओरडली. वैदेहीने काही सांगायला श्वास घेतला. मला तिच्या ओठांवर स्वेटर स्पष्ट दिसला. पण तिने तो श्वास तसाच सोडून दिला, फोन खुर्चीवर टेकवून ठेवला आणि कचेरीचे कपडे न सांभाळता माझ्या शेजारी गुडघे टेकले. तिचे डोळे मिटले तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. तिने किती वेळ घेतला ते मोजलं नाही.

चारही फुलं येऊन गेली. जाता जाता त्यांचे पिवळे डोळे लाल झाले. उशी आता दिव्याखाली आहे आणि पुन्हा गोल व्हायचं म्हणतेय असं वाटतं. मी खात्री करून घेतलेली नाही. बुटका फ्रीज मात्र अजून चालू आहे. आत काही नाही. महादेव म्हणाला, बंद करा, उगाच वीज जाते. करीन. दुपारी बादलीत टप् वाजलं की मी उठते, जाते, दारावरचा आकडा बघते. दोन. मग परत येऊन बसते.